आधी बटण दाब

भोसरी,
रविवार, दुपार

प्रिय ताहेरा,

"जळका वास आला ना विजू, तर आधी बटण दाब. खरं का खोटं ते मागून बघू." हे तू मला म्हणालीस तेव्हा मला बीडहून भोसरीत येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. रबराच्या कारखान्यातला माझा पहिलाच आठवडा. तू तीन नंबरच्या प्रेसवर उभी, आणि मी शेजारच्या टेबलावर तुझ्या प्रेसमधून निघालेल्या, गाड्यांना लागणाऱ्या गरम रबरी बुशांच्या कडेचं जास्तीचं रबर कात्रीनं कापत बसलेली. मला त्या लाल बटणाची फार भीती वाटायची. आपण दाबलं, सगळं थांबलं, आणि काहीच निघालं नाही तर लोक काय म्हणतील? तू साच्यावर फवारा मारता मारता हसलीस. म्हणालीस, "हसतील. हसण्यानं कुणाचा हात भाजत नाही." त्या वाक्यावर मी भोसरीतली माझी सगळी नोकरी काढली. आज ते पुन्हा आठवायला कारण आहे, पण ते शेवटी सांगते. आधी तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर.

बकरी ईदला मी तुझ्या घरी आले होते, तेव्हा शेवयांची वाटी माझ्या हातात देताना तू हळूच विचारलंस, "त्या दिवशी मी कंपनीत काय केलं गं?" रहिमानभाईंनी लगेच घरातल्या पंख्याचा विषय काढला. साबियाला विचारलंस की ती म्हणते, "कुछ नहीं हुआ अम्मी, बुखार था." तुझ्या आठवणीतला तेवढा तुकडा कोरा आहे, आणि आम्ही सगळे त्याच्यावर चादर टाकून बसलोय. तुला वाटतंय, चादरीखाली काहीतरी लाज वाटण्यासारखं आहे. मला वाटतं, तिथं जे काही आहे ते तुझं आहे आणि तुला मिळायला हवं. तोंडी सांगायला बसले तर तू लवकर थकतेस आणि मी रडायला लागते. म्हणून लिहिते. कागद कसा, हवा तेव्हा पुन्हा वाचता येतो.

रोजे चालू होते. शेवटचे असावेत, कारण साबियाच्या ईदच्या ड्रेसचं शिवणं अडलंय म्हणून तू शिंप्याला शिव्या घालत होतीस. काही दिवस तुला ताप येत-जात होता आणि डोकं दुखत होतं. मी म्हटलं, घरी थांब. तू म्हणालीस, "चहा सुटलाय म्हणून डोकं धरलंय. ईद होऊ दे, किटली मांडीवर घेऊनच बसते." मलाही ते पटलं. पहाटे उठायचं, दिवसभर पाणी नाही, वर प्रेसची धग, डोकं दुखणारच. कुणालाही पटलं असतं.

त्या दिवशी प्रेस तापल्या आणि पहिला माल निघायच्या आत तू तीन नंबरचं लाल बटण दाबलंस. "जळतंय काहीतरी," म्हणालीस. आपले फोरमन ज्योतीराम मामा आले. पॅनल उघडलं, वायरी चाचपल्या, हीटर बघितला. काही नाही. प्रेस चालू केली, आणि थोड्या वेळानं तू पुन्हा बटण दाबलंस. आता म्हणे वास दोन नंबरकडून येतोय. दोन नंबर उघडली. मग एक नंबर. तुला सांगते ताहेरा, कारखान्याच्या अख्ख्या शॉपमध्ये एकाही माणसाला जळका वास येत नव्हता, आणि एकाही माणसानं तुझ्यावर संशय घेतला नाही. घेणार कसा? रबर जास्त शिजतंय हे टायमरच्या आधी तुला कळायचं. दोन नंबरच्या हीटरची वायर आतल्या आत वितळत होती तेव्हा धूर दिसायच्या कितीतरी आधी तू प्रेस थांबवली होतीस, आणि त्या दिवसापासून मालकसुद्धा नवीन रबराची लादी आली की पहिल्यांदा तुझ्या नाकाखाली धरायचे. त्यामुळे आम्ही सगळी मशीनं उघडत बसलो. भिमाजी इलेक्ट्रिशियन शिडी लावून छताच्या पंख्यापर्यंत चढला आणि वरून ओरडला, "इथं नुसतं कबुतराचं घरटं हाय राव!" बाहेर चाकणची गाडी मालासाठी उभी, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय. मामा दारात जाऊन त्याला म्हणाले, "थांब की जरा. तिच्या नाकाला वास आलाय म्हंजी कुटंतरी हाय. आमालाच सापडंना." दुसऱ्या कुठल्या कारखान्यात बाईला घरी पाठवली असती. आमच्याकडे पंखा उतरवला.

मी तेव्हा तुझ्यापासून हातभर अंतरावर होते. वास यायच्या वेळी तू मधेच थांबायचीस. डोळे उघडे, पण बघणं नाही. तोंडात काही चघळल्यासारखे ओठ हलायचे, घोट गिळायचीस, आणि उजवा हात ओढणीचं टोक चुरत राहायचा. क्षणभरच. मग परत यायचीस आणि म्हणायचीस, "आला बघ पुन्हा." मी मनाशी म्हटलं, रोज्याची ग्लानी असेल.

दुपारकडे तुझं बोलणं बिघडलं. कात्री मागायची होती तर म्हणालीस, "ते चमचं दे." मी हसले. तू हसली नाहीस. पुन्हा म्हणालीस, "चमचं, चमचं," आणि टेबलावरचा बुशांचा ट्रे उचलून जमिनीवर आपटलास. मग मला म्हणालीस, "बाजूला हो चोरटे, माझ्या घरावर डोळा आहे तुझा." हे मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण तुला वाटतंय तू याहून वाईट काही बोललीस. नाही बोललीस. एवढंच. नंतर डोक्यावरची ओढणी काढून तू तापलेला साचा पुसायला गेलीस. मी तुझा हात धरला, मामांनी बटण दाबलं, आणि मी माझा स्टोल तुझ्या डोक्यावर टाकला. कुणी हसलं नाही ताहेरा. गोळा झालेली सगळी माणसं तुझीच होती, आणि सगळ्यांची तोंडं उतरली होती. मामा म्हणाले, "ही आपली ताहेरा न्हाईच." कुणी म्हणालं ओव्हरटाइमचा ताण आहे, कुणी म्हणालं इतकी वर्षं रबराचा धूर डोक्यात गेला. हा धुराचा मुद्दा लक्षात ठेव, त्याच्याकडे परत येते.

रहिमानभाई गॅरेज तसंच उघडं टाकून, हाताला ग्रीस घेऊन आले. आपण रिक्षानं आधी गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ताप बघितला, तुला तुझं नाव विचारलं, दिवस विचारला, साबियाचं नाव विचारलं. तू नाव सांगितलंस. बाकी काही नाही. ते म्हणाले, "नुसता ताप असता तर मी गोळ्या दिल्या असत्या. ताप आहे आणि माणूस नेहमीसारखा वागत-बोलत नाही, हे दोन्ही एकत्र आलं की माझ्याकडे वेळ घालवू नका. सरळ मोठ्या हॉस्पिटलला." सलाईनसुद्धा लावली नाही. मी अजूनही त्या दवाखान्यावरून जाताना आत बघून हात जोडते.

आणि पिंपरीच्या वाटेवर, मोठ्या सिग्नलला रिक्षा थांबली असताना, तू जागी झालीस. अगदी स्वच्छ. माझ्याकडे बघून म्हणालीस, "विजू, आपण इकडे कुठं? चला घरी, इफ्तारीची भजी तळायचीत." रहिमानभाईंचा चेहरा इतका उजळला की काय सांगू. म्हणाले, "देखा? अल्लाचा फजल. थकवा होता. रिक्षा वळवा." रिक्षावाल्यानं खरंच हँडल वळवलं. तू शहाण्यासारखी बसली होतीस, ओढणी नीट घेतलेली, मला सांगत होतीस की कांदे संपलेत. त्या वेळी मला दोन्हीकडून वाटत होतं. नवरा म्हणतोय घरी, बायको म्हणतेय घरी, मी कोण? हॉस्पिटलात नेलं आणि काहीच निघालं नाही तर? मग तू ओढणीचं टोक पुन्हा चुरायला लागलीस. तेवढंच झालं. मी रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "सरळ चला." रहिमानभाई रागावले. म्हणाले, "विजू, बायको माझी आहे." मी म्हटलं, "भाई, काही निघालं नाही तर जन्मभर मला हसा." हे माझं नव्हतं, तुझंच होतं. मी फक्त बटण दाबलं.

तिथं आपल्याला डॉक्टर आम्रपाली भेटली. भेटल्या म्हणायला हवं, पण आपल्या पोरींच्या वयाची, केसांना रबर गुंडाळलेलं आणि पायात क्रॉक्स. बोलली तेव्हा कळलं मराठवाड्याकडची आहे. "कधीपासून असं बोलायल्यात ह्या?" तिनं विचारलं, आणि मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. ती तुझी मान वाकवून बघत होती, डोळ्यांत बॅटरी मारत होती, डास, मलेरिया, डेंगी, जुना टीबी, कुत्रं चावलंय का, सगळं विचारत होती. मी उत्तरं देत होते आणि मधेच, उगीच सांगावं तसं, म्हणाले की सकाळपासून जळका वास येतोय म्हणून हिनं सगळ्या प्रेस थांबवल्या, आम्हाला कुणाला आला नाही, पण हिचं नाक फार तिखट आहे हो. डॉक्टरनं लिहिणं थांबवलं. म्हणाली, "वास येताना ह्या काय करायच्या? गप्प व्हायच्या? तोंड हलवायच्या?" मी ओठ हलवून दाखवले, ओढणी चुरून दाखवली. ती उठली. आमच्यासमोरच तिनं सिस्टरला भराभर सांगायला सुरुवात केली, आणि जाता जाता मला म्हणाली, "मावशी, तो वास मशीनचा नव्हता. वास ओळखणारा मेंदूचा भाग कानामागं, आतल्या बाजूला असतो. तिथं सूज आली की वास नसताना वास येतो. त्या फिट्सच होत्या, छोट्या." आणि मग तिच्या डोळ्यांदेखत तुला मोठी आली. सगळं अंग. ते मी जास्त लिहीत नाही. चार हातांनी तुला कुशीवर वळवलं, इंजेक्शन दिलं, आणि ती थांबली. आपण तेव्हा भोसरीत भजी तळत नव्हतो, यासाठी मी आजही वळायच्या आत हिरवा न झालेल्या त्या सिग्नलचे आभार मानते.

आता तुझ्या नवऱ्याची गंमत सांगते, कारण तीसुद्धा तुला कुणी सांगितली नसणार. पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासायचं ठरलं. रहिमानभाई अडले. त्यांना गॅरेजमधल्या कुणीतरी कधीतरी सांगितलेलं की पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा लुळा होतो. माझ्या सासूबाईसुद्धा हेच सांगतात. हे आपल्याकडे घरोघरी पाठ आहे. ते सही करेनात. डॉक्टर आम्रपालीनं त्यांच्या हातांकडे बघितलं आणि विचारलं, "मेकॅनिक का तुम्ही?" म्हणाले, हो. "इंजिन आवाज करायलंय. उघडायच्या आधी काय बघता?" भाई म्हणाले, "ऑइल. पट्टी काढून बघतो. काळं झालंय का, पाणी शिरलंय का." तिनं सहीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. भाईंनी सही केली. मान खाली घालून म्हणाले, "थोडंच काढा पण." पाणी निघालं ते नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. भाई लगेच म्हणाले, "साफ तो है!" ती म्हणाली, "ह्या आजारात साफच दिसतंय. त्यात काय पोहतंय ते दुर्बिणीखाली कळतं."

त्याआधी डोक्याचा साधा स्कॅन झाला होता आणि त्यात काही विशेष दिसलं नव्हतं. पाण्याचे रिपोर्ट यायला वेळ होता. त्यातला एक, विषाणूचा नेमका ठसा शोधणारा, तर पुण्याहून यायचा होता. मला वाटलं, आता वाट बघायची. तेवढ्यात सिस्टर औषधाची बाटली लावायला आली. मी विचारलं, रिपोर्ट आला का? डॉक्टर म्हणाली, "नाही. मेंदूत विषाणू शिरलाय असा माझा अंदाज आहे. असे पुष्कळ विषाणू आहेत ज्यांच्यावर नेमकं औषध नाही, माणसाला नुसतं सांभाळावं लागतं. पण एक आहे, त्याच्यावर चांगलं औषध आहे, आणि ते लवकर गेलं तरच कामाचं. यांची लक्षणं त्याचीच दिसतात. म्हणून तोच आहे असं धरून सुरू करते. नसला तर बंद करीन. उशीर झाला तर मला मागं जाता येत नाही." ताहेरा, मी तिथल्या लोखंडी बाकावर बसले आणि मला हसू आलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. या मुलीनं भोसरीत कधी पाय ठेवला नव्हता आणि तुझंच वाक्य बोलत होती.

पुढचं तुला साबियानं थोडंफार सांगितलंय. मोठ्या मशीनच्या फोटोत डाव्या कानामागचा मेंदूचा भाग पांढरा, सुजलेला दिसला. त्यानंतर पुण्याचा रिपोर्ट आला: विषाणू सापडला नाही. रहिमानभाई आनंदानं उभेच राहिले. म्हणाले, मग ही सुई काढा, रोज तीन वेळा कशाला टोचायचं? डॉक्टर आम्रपालीनं तिच्या मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, दोघांनी फोटो भाईंना दाखवला, आणि शांतपणे सांगितलं की आजार अगदी नवा असताना पाणी काढलं तर विषाणू हाती लागत नाही असं होतं. फोटो आणि लक्षणं एकच गोष्ट सांगतायत, तेव्हा एका कागदावर औषध थांबवायचं नाही. थोड्या दिवसांनी पुन्हा पाणी काढलं. या वेळी भाईंनी सही स्वतः मागून घेतली. आणि या वेळी तो सापडला.

आता तो धुराचा मुद्दा. मला माहीत आहे, तू मनात धरून बसली आहेस की रबरानं तुझं डोकं खाल्लं. मी डॉक्टरला हे दोनदा विचारलं, कारण मीही तोच धूर खाते. ती म्हणाली, धुराचा, रोज्यांचा, कामाचा काही संबंध नाही. तापानंतर ओठावर फोड येतात ना, तोच हा विषाणू. आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून निजलेला असतो आणि जन्मभर काही करत नाही. लाखांत एखाद्याच्या बाबतीत तो मेंदूकडे वळतो. का, ते अजून कुणालाही नीट सांगता येत नाही. तुझ्यापासून साबियाला होणार नाही, माझ्याकडून तुला झाला नाही. तू काही चुकीचं खाल्लं नाहीस, कुठं चुकीचं उभी राहिली नाहीस. एवढं तरी मनातून काढून टाक.

तीन आठवडे ती बाटली चालली. मूत्रपिंडावर ताण येऊ नये म्हणून तुला भरपूर पाणी, आणि किती आत गेलं किती बाहेर आलं याचा साबियानं ठेवलेला हिशेब असा की मालकांनी तिला स्टोअरला घ्यावं. ईद तिथंच झाली. मधल्या दिवसांतल्या तुझ्या गमती तुला देणं लागते. डॉक्टरनं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण? तू नीट निरखून म्हणालीस, "तीन नंबरची प्रेस. हिला तेल द्या." सिस्टरला तू सांगितलंस की कारखाना तुझा आहे आणि तिला ओव्हरटाइम मिळणार नाही. रहिमानभाईंना मात्र पहिल्यापासून ओळखलंस, रोज म्हणायचीस, "हात धू आधी." आणि मग एका सकाळी मी आत आले, तू उशीला टेकून बसली होतीस, माझ्याकडे बघून म्हणालीस, "विजू, हेअरनेट कुठंय तुझं?" मी हॉस्पिटलात हेअरनेट घालून कशाला येईन? पण तू मला विजू म्हणालीस. मी धावतच बाहेर व्हरांड्यात गेले. मामांना फोन केला, तर ते म्हणाले, "काय म्हनली? हेअरनेट? मंग बरी हाय ती," आणि फोन तसाच चालू ठेवून सगळ्या शॉपला ओरडून सांगितलं.

म्हणजे बघ, चादरीखाली एवढंच होतं. एक ट्रे, एक शिवी, आणि उतरवून ठेवलेला पंखा. तो पंखा भिमाजीनं अजून परत नीट बसवलेला नाही, कबुतरं खूश आहेत.

जे गेलं ते गेलं नाही असं मी म्हणणार नाही. नावं तुझ्या तोंडावर येऊन अडतात. राग पटकन येतो, मग तू स्वतःवरच चिडतेस. आणि वास. मला ठाऊक आहे, दूध करपून पातेलं काळं झालं आणि तू ओट्यापाशीच उभी होतीस, तेव्हापासून तू स्वयंपाकघरात पाय ठेवत नाहीस. मी डॉक्टर आम्रपालीला फोन करून विचारलं. तिनं खोटा धीर दिला नाही. म्हणाली, शब्द आणि आठवण यांत वर्षभर, त्यानंतरही फरक पडत राहील, सराव हवा, घरी बसून नाही. वासाचं सांगता येत नाही, थोडा परत येईल किंवा येणारही नाही. आणि फिट्सच्या गोळ्या ती सांगेल तोवर बंद करायच्या नाहीत, तोवर गरम मशीनवर एकटीनं उभं राहायचं नाही. हे सगळं मी मालकांना आधीच सांगून ठेवलंय. का, ते आता सांगते.

गेल्या आठवड्यात साबिया कारखान्याच्या गेटवर आली आणि तिनं माझ्या हातात तुझ्या लॉकरची चावी ठेवली. "अम्मीनं दिलीय. म्हणाली विजूमावशीला दे, ती समजेल." मी समजले. आतमध्ये तुझा एप्रन, फुटका आरसा आणि बडीशेपेची डबी आहे. मी काही हलवलेलं नाही. दसऱ्यानंतर आपलं शॉप कुरुळीला जातंय, नव्या शेडमध्ये. लातूर-हिंगोलीकडच्या मुली घेतल्यात, तिथंच खोल्या करून राहतात, आणि त्यांना तोवर इथं भोसरीत शिकवायचं काम मालकांनी मला दिलंय. परवा त्यातल्या मोनिकाला प्रेसमधून धूर येताना दिसला. ती बटण न दाबता मामांना शोधत शेडच्या दुसऱ्या टोकाला धावली. काही झालं नाही, हातमोजाच होता साच्यात अडकलेला. मी तिला विचारलं, बटण का नाही दाबलंस? ती म्हणाली, "मॅडम, खोटं निघालं असतं तर?" मी तिला तुझं वाक्य सांगितलं. शब्द न् शब्द बरोबर सांगितला. तिनं मान हलवली, पण तिला ते पोचलं नाही, मला दिसलं. माझ्या तोंडी ती कंपनीची सूचना होते. तुझ्या तोंडून मी ते ऐकलं तेव्हा तुझ्या कोपराला जुना भाजल्याचा डाग होता आणि तू हसत होतीस.

तू म्हणशील, नाक नाही तर मी काय कामाची. इतकी वर्षं सगळ्यांनी तुझ्या नाकाचं कौतुक केलं, मीही केलं, आणि त्यामुळे तुलाही तेच खरं वाटायला लागलं. पण त्या दिवशी रिक्षात माझ्याकडे तुझं नाक नव्हतं. मला कधीच कसला वास येत नाही, हे तू मला चारचौघांत ऐकवलेलं आहेस. माझ्याकडे तुझ्याकडून आलेलं एवढंच होतं की लोक हसतील याला न घाबरता थांबवायचं. त्यानं तू वाचलीस. ते कुठल्या विषाणूला तुझ्यातून नेता आलं नाही, बकरी ईदला सगळ्यांचे चेहरे पडत असताना तूच तेवढी सरळ विचारायला धजलीस ना, "मी काय केलं?"

म्हणून चावी या पाकिटात परत पाठवते आहे. कुरुळीतही तुझ्या नावाचा लॉकर ठेवायला सांगितलाय. खंडेनवमीला मशीनची पूजा होईल, मामा नारळ फोडतील, आणि सुट्टीनंतर पहिली प्रेस दरवर्षी तू चालू करतेस तशी या वर्षीही तूच करायची. मी शेजारी उभी असेन. मग माझ्या टेबलावर खुर्ची टाकून बस. शब्द अडले तर मुली थांबतील, त्यांना कुठं जायचंय? चिडलीस तर चिड, मी तुझी चोरटी आहेच. तू नाही म्हणणार हे मला माहीत आहे. रहिमानभाईंच्या तोंडून निरोप येईल, तब्येत बरी नाही म्हणून, आणि पाकिटातली चावी पुन्हा साबियाच्या हाती गेटवर येईल. आली तर मी पुन्हा पाठवीन. पण त्याआधी एकदा, फक्त एक पहिली शिफ्ट, त्या मोनिकाच्या शेजारी उभी राहून तुझ्या तोंडानं तिला ते वाक्य सांगशील?

तुझीच,
अजूनही कसलाच वास न येणारी
विजू